अर्जाची पोच

मोसम नदीच्या काठी वसलेले नामपूर हे बागलाण तालुक्यातील गाव कागदोपत्री खेडेच आहे. तेथे नगररचनेचे कार्यालय नाही, आणि घरपट्टीपासून जन्ममृत्यूच्या नोंदीपर्यंतचा सारा कारभार ग्रामपंचायतीच्या दप्तरात चालतो. परंतु ज्या गावाला स्वतःची कृषि उत्पन्न बाजार समिती आहे, कांद्याच्या हंगामात ज्याच्या रस्त्यांवर पंचक्रोशीतील ट्रॅक्टरांची रांग लागते, आणि औषधापासून लग्नाच्या बस्त्यापर्यंत आसपासच्या वस्त्या ज्याच्यावर विसंबून असतात, ते गाव सरकारी राजपत्राची वाट न पाहता शहर होऊ लागलेले असते, आणि त्याची पहिली खूण घरांच्या भिंतींत दिसते. धाब्याची माती उतरवून तेथे सिमेंटचा स्लॅब पडतो. ओट्याच्या जागी दुकानाचा गाळा निघतो. दोन भावांच्या वाटणीत एका घराची दोन घरे होतात. आणि शिवेलगतच्या मळ्यात एके दिवशी चुन्याची फक्की मारून प्लॉट आखलेले दिसतात. या साऱ्या बांधकामांना परवानगी आहे काय, हा प्रश्न पाया खणताना कोणी विचारीत नाही; तो विचारला जातो तो बँकेत कर्जाचा अर्ज गेल्यावर, शेजाऱ्याशी वाद झाल्यावर, किंवा रस्तारुंदीची नोटीस दारावर डकवली गेल्यावर.

बांधकामास आधी अनुज्ञा घ्यावी ही कल्पना आपल्या गावगाड्याला परकी आहे असे मानणाऱ्यांनी ‘पांढरी’ आणि ‘काळी’ या दोन जुन्या शब्दांचा विचार करावा. पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, हा भेद आपल्या पूर्वजांनी केला होता, आणि पांढरीत कोणी कोठवर भिंत न्यावी, कोणाच्या छपराची पागोळी कोणाच्या अंगणात पडावी, बैलगाडी वळण्याइतकी वाट कोठे मोकळी ठेवावी, याचा निवाडा पाटील आणि पंच चावडीवर करीत असत. तो निवाडा तोंडी असे आणि पुष्कळदा बलवंताकडे झुकत असे, हेही खरेच. परंतु आपले घर बांधणे ही केवळ आपली खाजगी बाब नाही, शेजारच्या घराचा उजेड, वारा आणि सांडपाणी तिच्यात गुंतलेले आहे, ही जाणीव त्यामागे होती. पुढे 1896 साली मुंबईत प्लेगने थैमान घातले, कोंदट चाळी आणि अंधाऱ्या खोल्या हे रोगाचे आश्रयस्थान ठरले, आणि 1898 साली नगरसुधारणेसाठी स्वतंत्र ट्रस्ट स्थापन झाला, तेव्हापासून खिडकी किती मोठी असावी, दोन इमारतींत किती अंतर असावे, हा विषय चावडीवरून कायद्याच्या पुस्तकात गेला. 1915चा मुंबई नगररचना कायदा, 1954चा त्याचा नवा अवतार आणि 1966चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम हे त्याच प्रवासातील पुढचे मुक्काम होत.

आज या विषयात राज्यभर, मुंबईसारखे काही अपवाद वगळता, 2020च्या डिसेंबरात लागू झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली प्रमाण मानली जाते. आणि तिच्या आधाराने 2021 साली ग्रामविकास विभागाने जो निर्णय केला तो नामपुरासारख्या गावांच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. 150 चौरस मीटरपर्यंत, म्हणजे अदमासे 1600 चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर घर बांधणाऱ्याला वेगळ्या परवानगीची गरज उरली नाही; मालकीचा कागद, जागेचा व इमारतीचा नकाशा, हे सारे नियमावलीप्रमाणे असल्याचा परवानाधारक अभियंत्याचा दाखला आणि विहित शुल्क ग्रामपंचायतीत दाखल केले की त्याचे काम झाले. 300 चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे 3200 चौरस फुटांपर्यंत, ग्रामपंचायतीने दहा दिवसांत शुल्काची रक्कम कळवावी आणि ती भरल्यावर परवानगी द्यावी, असे ठरले. त्यापुढच्या भूखंडांसाठी मात्र नगररचनाकाराची मोहोर लागते, आणि मग तालुक्याच्या व जिल्ह्याच्या कचेऱ्यांचा मार्ग धरावा लागतो. बागलाणच्या गावठाणात ज्यांची घरे आहेत त्यांतील फार मोठा भाग पहिल्या दोन वर्गांत बसेल. तेव्हा लहान माणसाच्या लहान घराला मोठ्या कचेरीची पायरी चढावी लागू नये एवढी सोय कायद्याने केली आहे, आणि ही सोय करणाऱ्यांचे आम्ही मनापासून अभिनंदन करतो.

मग अडते कोठे? आमच्या मते ते एका चिठोऱ्याशी अडते. अर्ज मिळाला अशी तारखेची, सहीची आणि शिक्क्याची पोच अर्जदाराच्या हाती पडत नाही, येथे सारी व्यवस्था थबकते.

याच जिल्ह्यातील एका कार्यालयात आमच्या डोळ्यांसमोर घडलेला प्रसंग सांगतो. त्या कार्यालयाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण ते नाव बदलून प्रसंग दहा ठिकाणी तसाच सांगता येईल. सत्तरीकडे झुकलेले एक शेतकरी टेबलासमोर उभे होते. कापडी पिशवीतून त्यांनी एकेक कागद काढून मांडला: नमुना 8 चा उतारा, चालू सालाची घरपट्टीची पावती, घड्यांवर झिजून फाटत आलेले भावाभावांचे वाटणीपत्र, आणि अभियंत्याने काढलेला नकाशा, जो त्यांनी चुरगळू नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता. समोरच्या लिपिकाने कागद चाळले आणि म्हणाला, “ठेवून जा नाना, साहेब आले की बघू.” नानांनी विचारले, “पोच मिळंल का?” “पोच कशाला? गावचेच तर आहात, आम्ही काय पळून चाललो?” हे उत्तर उद्दामपणाचे नव्हते, त्यात आपुलकीच होती, आणि नानांनीही ते आपुलकीनेच घेऊन हात जोडले. परंतु त्या आपुलकीत त्यांचा कायदेशीर अधिकार विरून गेला. कारण ग्रामपंचायतीने दहा दिवसांत शुल्क कळवावे म्हणजे कोणत्या दिवसापासून दहा? दीड महिन्यानंतर ते पुन्हा गेले तेव्हा अर्ज सापडत नव्हता, आणि तो कधी दिला होता हे सांगण्यास त्यांच्याजवळ त्यांच्या शब्दाखेरीज काही नव्हते.

1966च्या अधिनियमाच्या कलम 45 मध्ये एक तरतूद आहे, जी सामान्य नागरिकाच्या बाजूने लिहिलेल्या तरतुदींत आम्हांला फार श्रेष्ठ वाटते. नियोजन प्राधिकरणाने अर्ज मिळाल्यापासून साठ दिवसांत मंजुरी अथवा नामंजुरी कळवली नाही, तर बांधकाम नियमांना धरून असल्यास, परवानगी दिली आहे असे मानण्यात येते. म्हणजे कचेरीचे मौन हा नागरिकाचा दोष ठरत नाही. विलंबाचा भार विलंब करणाऱ्यावर पडतो. परंतु ही साठ दिवसांची मुदत काय किंवा ग्रामपंचायतीची दहा दिवसांची मुदत काय, तिचे घड्याळ सुरू होते ते अर्ज आवक नोंदवहीत चढतो तेव्हा. आवक क्रमांक नाही तर तारीख नाही, तारीख नाही तर मुदत नाही, आणि मुदत नाही तर विधिमंडळाने दिलेला हक्क कागदावरच राहतो. 150 चौरस मीटरच्या आतील घराची गोष्ट तर याहून नाजूक आहे. तेथे वेगळे परवानगीपत्र निघणारच नसल्यामुळे कागद दाखल केल्याची पोच हाच त्या घराच्या वैधतेचा एकमेव पुरावा असतो, आणि उद्या बँकेने किंवा न्यायालयाने विचारले तर ते कुटुंब तेवढाच कागद दाखवू शकणार असते. 2015च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांच्या अर्जाला पोच देणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्यच ठरवले आहे, आणि सेवा नाकारली तर कारणे लेखी देण्याचे व अपिलाचे मार्गही आखून दिले आहेत. त्या अधिनियमाचा आशय प्रत्येक ग्रामपंचायतीच्या प्रत्येक टेबलावर पाळला जावा, ही मागणी अवाजवी खचित नाही.

पोच मिळाली म्हणजे सर्व प्रश्न सुटले असे आम्ही म्हणत नाही. घराखालच्या जमिनीचा कागद हा त्याहून जुना आणि बिकट प्रश्न आहे. नमुना 8 ही ग्रामपंचायतीची करआकारणीची नोंद आहे. तिच्यावर नाव लागले म्हणजे मालकी सिद्ध झाली, असा जो समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे तो न्यायालयात टिकत नाही. दुसरीकडे, 1947च्या तुकडेबंदी कायद्याच्या छायेत, शंभर रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी करून घेतलेला दोन गुंठ्यांचा तुकडा ज्याने आयुष्यभराच्या बचतीतून घेतला, त्याच्या नकाशाला अभियंता मंजूर अभिन्यास मागतो, आणि तो अभिन्यास कधी झालेलाच नसतो. या दुखण्यावर एक उपाय मात्र दिसू लागला आहे. पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावी ज्या ड्रोनमोजणीचा प्रयोग झाला, तीच कल्पना 24 एप्रिल 2020 रोजी ‘स्वामित्व’ या नावाची केंद्रीय योजना म्हणून हाती घेण्यात आली, आणि गावठाणातील घरांना मोजणीसह मिळकतपत्रिका मिळू लागल्या. ज्या गावठाणातील सर्व मिळकतींना अशी पत्रिका मिळेल तेथे बांधकामाच्या अर्जातील निम्मा संशय आपोआप नाहीसा होईल. ती मिळेपर्यंत तलाठी, भूमी अभिलेख आणि ग्रामपंचायत या तीन दप्तरांत माणसाने तीन वेगवेगळ्या खेपा घालाव्या, यात कोणाचेही हित नाही.

आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे, जरी ती अप्रिय वाटली तरी. नव्या व्यवस्थेने लहान घराचा भरवसा अभियंत्याच्या दाखल्यावर टाकला आहे. ज्या अभियंत्याने जागेवर न येता, पाया किती खोल गेला हे न पाहता, सही करून दिली, त्याचा दाखला आणि कोरा कागद यांत काही अंतर नाही. 24 ऑगस्ट 2020 रोजी महाड येथे तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून 16 माणसे मृत्युमुखी पडली. ती काही मुंबईतील शंभर वर्षांची जीर्ण चाळ नव्हती, तालुक्याच्या गावातील अलीकडे उभी राहिलेली इमारत होती, आणि त्यानंतर जे गुन्हे दाखल झाले त्यांत बांधणाऱ्यांबरोबर वास्तुविशारद व नगरपरिषदेच्या तत्कालीन अधिकाऱ्यांचाही समावेश होता. मोसमकाठच्या काळ्या मातीत पावसाळ्यात ओल धरून फुगण्याचा आणि उन्हाळ्यात भेगाळण्याचा स्वभाव असतो, हे येथला प्रत्येक गवंडी जाणतो. अशा जमिनीवर दुसरा मजला चढवताना जोत्याच्या पातळीला एकदा जाणकाराने येऊन पाहावे, एवढी शिस्त दाखल्यामागे असली पाहिजे. त्याचप्रमाणे पूररेषेचा प्रश्न आहे. पुराची हद्द दाखवणाऱ्या निळ्या रेषेच्या आत बांधकाम होऊ नये हा नियम नदी कोरडी असताना अनेकांना जाचक वाटतो, आणि मोसम वर्षातील बराच काळ कोरडीच दिसते. पण पात्राची मर्यादा ज्येष्ठातल्या वाळूवरून ठरत नाही, ती श्रावणातल्या पाण्यावरून ठरते.

अधिकाऱ्यांची बाजूही आम्हांला ठाऊक आहे. एका माणसाकडे अनेकदा दोन-दोन, तीन-तीन गावांचा कार्यभार असतो. घरकुलाच्या याद्या, पाणीटंचाईचे प्रस्ताव, निवडणुकीची कामे आणि वरून रोज येणारी माहितीची मागणी यांत त्याचा दिवस संपतो. साठ दिवसांनी मंजुरी गृहीत धरली जाईल या तरतुदीची त्याला धास्तीही वाटते, आणि पोच न देण्यामागे पुष्कळदा तीच धास्ती असते. तिला उत्तर कायद्यानेच देऊन ठेवले आहे: गृहीत मंजुरी नियमाबाहेरच्या बांधकामाला मिळत नाही. ज्या अर्जात त्रुटी आहे त्याला मुदतीच्या आत त्रुटीचे लेखी पत्र द्यावे. त्याने अधिकाऱ्याचेही रक्षण होते आणि घर बांधणाऱ्याचेही, कारण पाया भरण्यापूर्वी समजलेली चूक दुरुस्त करण्यास दोरी आणि चुन्याची फक्की पुरते, स्लॅब पडल्यावर समजलेली चूक मात्र हातोड्याने दुरुस्त करावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने 17 डिसेंबर 2024 रोजी अनधिकृत बांधकामांविषयी दिलेल्या निकालात, भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्याखेरीज बँकांनी इमारतीवर कर्ज देऊ नये, असेही बजावले आहे. आज ज्या कुटुंबाने परवानगीचा विचार न करता घर उभे केले, त्याच्या मुलाला उद्या त्याच घरावर शिक्षणासाठी किंवा धंद्यासाठी कर्ज काढता येईल की नाही, हा प्रश्न आता त्या घराच्या पायातच घातला गेला आहे.

म्हणून आमची सूचना लहान आहे आणि तिला शासनाच्या नव्या निर्णयाची वाट पाहावी लागणार नाही. नामपूरसह बागलाणच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने येत्या ग्रामसभेत ठराव करावा की बांधकामाच्या अर्जांसाठी स्वतंत्र आवक नोंदवही राहील. अर्ज दाखल होताच क्रमांक, तारीख व शिक्क्यासह पोच दिली जाईल. त्रुटी असतील तर त्या दहा दिवसांच्या आत लेखी कळवल्या जातील. आणि कोणत्या आकाराच्या भूखंडाला कोणते कागद व किती शुल्क लागते याचा फलक कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर, घरी अहिराणी बोलणाऱ्या माणसालाही अर्थ लागेल अशा सोप्या मराठीत लावला जाईल. ‘अभिन्यास’ आणि ‘सामासिक अंतर’ हे शब्द नियमावलीत शोभतात. भिंतीवरच्या फलकावर ‘प्लॉटांचा मंजूर नकाशा’ आणि ‘शेजारच्या हद्दीपासून सोडायची जागा’ असे लिहिले तर काही बिघडत नाही. नोंदवही ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या निधीतून घेता येईल, शिक्का तर तेथे आहेच. पुढच्या वेळी पिशवीतून नकाशा काढणाऱ्या नानांनी पोच मागितली, की त्या शिक्क्याची तारीख आजच्या दिवसावर फिरवून तो कागदावर उमटवायचा आहे.