तिजोरीचे राखणदार आणि रुग्णाचा केसपेपर

संगणकसुरक्षा, वित्तव्यवहार आणि आरोग्यसेवेतील नवे उपक्रम, अशा तिन्ही क्षेत्रांत नेतृत्व केलेल्या व्यवस्थापकांचा एक वर्ग गेल्या काही वर्षांत उदयास आला आहे. कंपन्यांच्या अहवालांत त्यांच्या कर्तृत्वाचे कौतुक होते. वरवर पाहता हे तीन निरनिराळे व्यवसाय आहेत. परंतु रुग्णाचा केसपेपर, त्याचे बिल आणि त्या दोहोंवरचे कुलूप एकाच यंत्रणेत गेल्यापासून या तिन्हींचा मिळून एकच व्यवसाय झाला आहे. हा व्यवसाय करणारे अखेर कोणाला उत्तरदायी असतात, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेत २०२४ साली मिळाले. चेंज हेल्थकेअर ही कंपनी डॉक्टर, औषधाची दुकाने आणि विमा कंपन्या यांच्यातील दाव्यांची देवघेव करते. वर्षाला सुमारे १५०० कोटी व्यवहार तिच्याकडून होत आणि दर तीन रुग्णांपैकी एकाची नोंद तिच्या हाताखालून जाई. युनायटेडहेल्थ या बलाढ्य विमा उद्योगाने ही कंपनी २०२२ मध्ये सुमारे १३ अब्ज डॉलरना विकत घेतली. हा व्यवहार रोखण्यासाठी अमेरिकेचे न्यायखाते न्यायालयात गेले होते, पण तेथे ते हरले. मक्तेदारीचा मार्ग मोकळा झाला.

१२ फेब्रुवारी २०२४ रोजी चोरलेल्या पासवर्डाच्या आधारे खंडणीखोर या यंत्रणेत शिरले. ज्या दारातून ते आले, तेथे पासवर्डाखेरीज ओळखीची दुसरी खातरजमा करण्याची साधी सोयही नव्हती. नऊ दिवसांनी सारा कारभार ठप्प झाला. उद्योगाने २ कोटी २० लाख डॉलरची खंडणी भरली, तरीही चोरलेली माहिती उघड करण्याच्या धमक्या थांबल्या नाहीत. सुमारे १९ कोटी लोकांची माहिती या चोरीत सापडली. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या पाहणीत दावे न भागल्यामुळे उत्पन्न बुडाल्याचे ८० टक्के दवाखान्यांनी सांगितले. खर्च भागविण्यासाठी ५५ टक्क्यांना स्वतःच्या खिशात हात घालावा लागला. त्याआधीच्या, म्हणजे २०२३ च्या, एका वर्षात या उद्योगाचा नफा २२ अब्ज डॉलरच्या घरात होता. दुसऱ्या कुलपासाठी पैसा नव्हता, असे कोण म्हणेल?

उद्योगाचे तत्कालीन प्रमुख अँड्र्यू विटी यांनी मे २०२४ मध्ये सिनेटच्या वित्त समितीपुढे या त्रुटीची कबुली दिली. विटी औषधनिर्मितीच्या धंद्यातून विम्याच्या धंद्यात आलेले. समितीचे तेव्हाचे अध्यक्ष रॉन वायडन यांनी पुढे नियामकांना पत्र लिहून एक महत्त्वाची गोष्ट निदर्शनास आणली. जून २०२३ मध्ये सुरक्षाप्रमुखपदी नेमलेल्या अधिकाऱ्याने त्यापूर्वी पूर्णवेळ सुरक्षेचे काम केलेच नव्हते. मात्र एका अधिकाऱ्याला बळीचा बकरा करू नये, दोष त्याला नेमणाऱ्या संचालक मंडळाचा आहे, असेही वायडन यांनी बजावले. ही भूमिका रास्तच होती. माणूस बदलला आणि नफ्याचा हिशेब तोच राहिला, तर नवा माणूसही तेच करणार.

अनेक क्षेत्रांचा अनुभव निरुपयोगी असतो, असे नव्हे. बँकेत सुरक्षेचे धडे गिरविलेला माणूस रुग्णालयाला पुष्कळ शिकवू शकेल. तथापि दोन्हीकडच्या नुकसानीचे स्वरूप भिन्न आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून चोरट्यांनी ९४ कोटी रुपये लांबविले. तो आकडा कागदावर मांडता आला आणि ठेवीदारांचे पैसे सुरक्षित असल्याची ग्वाही बँकेला देता आली. क्षयरोग, गर्भपात किंवा मनोविकार यांची नोंद एकदा बाहेर फुटली, की ती परत घेता येत नाही. पासवर्ड बदलता येतो, आजाराचा इतिहास कसा बदलणार? जोखीम पैशात मोजण्याची सवय घेऊन रुग्णालयात येणाऱ्या नेतृत्वाला हा फरक दिसत नाही.

येथे समाजवादी कार्यकर्त्याने स्वतःचीही फसगत होऊ देता कामा नये. मालकी सार्वजनिक झाली की सारे आपोआप सुरळीत होते, हा समज खोटा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर असाच हल्ला झाला. पाच सर्व्हर बाधित झाले आणि नोंदणीपासून तपासण्यांच्या अहवालांपर्यंतची कामे सुमारे दोन आठवडे हाताने करावी लागली. जाळ्याची विभागणी नीट केलेली नव्हती, हे सरकारनेच संसदेत मान्य केले. त्या दिवसांत रुग्णालय चालविले ते कागद-पेन घेऊन उभ्या राहिलेल्या परिचारिका, कारकून आणि निवासी डॉक्टर यांनी.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झाले असून गावोगावच्या रुग्णांच्या नोंदी त्यात जोडल्या जात आहेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली कायदा झाला. त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, पण तो दंड सरकारी तिजोरीत जमा होतो. ज्याची माहिती फुटली त्या रुग्णाला या कायद्याने एक छदामही भरपाई मिळत नाही.

म्हणून मागण्या नेमक्या असाव्यात. बाधित रुग्णाला भरपाईचा हक्क मिळाला पाहिजे. रुग्णालयांतील संगणक विभागाचे काम कंत्राटदाराऐवजी कायम नोकरांकडे असले पाहिजे. यंत्रणा बंद पडली तर कागदावर काम चालविण्याची तालीम दरवर्षी झाली पाहिजे. आणि सुरक्षेचा खर्च ठरविणाऱ्या समितीत परिचारिका व रुग्ण यांचे प्रतिनिधी बसले पाहिजेत. तीन क्षेत्रे गाजविणारे नेते येतील आणि जातील. केसपेपरवर ज्याचे नाव आहे, त्याला जाब विचारण्याचा अधिकार असल्याखेरीज त्यांच्या कर्तबगारीचा जनतेला उपयोग नाही.