फरदड सोडा, शिवाराला उसंत द्या

मानवत-सेलूकडच्या काळ्या रानात सप्टेंबरात कपाशीची फुलं जरा न्याहाळून पाहा. एखादं फूल गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलंच दिसेल. ती डोमकळी. पाकळ्या सोडवल्या की आत गुलाबी बोंडअळी!

ही अळी दिसली, तरी 'निसर्गात हात घालू नका' हे म्हणणं मला, कपाशी पिकवणाऱ्याला, पटत नाही. शेती हाच मुळी हस्तक्षेप आहे. २००२ मध्ये बीटी कपाशी आली, हिरव्या बोंडअळीवरच्या फवारण्या घटल्या, हे कसं नाकारायचं? घोडं पुढे अडलं. कडेने बिगर-बीटीच्या ओळी लावल्या की अळीत बीटीविरुद्ध प्रतिकारशक्ती यायला वेळ लागतो. पण त्या बियाण्याच्या पुड्या बहुतेक ठिकाणी तशाच पडून राहिल्या. वर फरदडीच्या, म्हणजे त्याच झाडांवरून पुन्हा कापूस घेण्याच्या, आशेने पाणी देऊन कपाशी मार्चपर्यंत उभी. अळीला खाणं तुटलंच नाही. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने मराठवाडा-विदर्भात बोंडंच्या बोंडं पोखरली.

हात घातलाच आहे, तर कुठे थांबायचं तेही पाळावं लागेल. परभणीचं कृषी विद्यापीठ फरदड घेऊ नका म्हणतं, ते ऐका. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा, बांधावर रचून ठेवू नका. अळीचा पतंग होऊन तो उडून शेजाऱ्याच्या रानात जातो, म्हणून हे एकट्यादुकट्याचं काम नाही. यंदा अख्ख्या गावाने मिळून ठरवा.