कासोटा कुठे गेला?

रविवारी सकाळी आठला मावशीचा फोन आला की समजायचं, काहीतरी सीरियस आहे. एरवी ती व्हॉट्सअ‍ॅपवर गुलाबाची फुलं पाठवून मोकळी होते.

'अरे, तू जाहिरातीच्या धंद्यातला. आता तूच काय ते सांग हिला. इलस्ट्रेशन घेते म्हणतेय!'

हिला म्हणजे छोटीला. वय वर्षं वीस, पुण्यात अप्लाइड आर्टच्या तिसऱ्या वर्षाला, पण घरात अजून छोटीच. या कोर्सची भानगड ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार वर्षांचा बीएफए. पहिलं वर्ष फाउंडेशन, म्हणजे बादली, कांदे आणि चुरगळलेलं फडकं समोर ठेवून काढत बसायचं. मग लेटरिंग, पोस्टर, पॅकेजिंग आणि रात्री जागून केलेली सबमिशन्स. शेवटच्या वर्षी एक खास विषय घ्यायचा : इलस्ट्रेशन, टायपोग्राफी, फोटोग्राफी वगैरे. छोटीला शनिवारपर्यंत फॉर्म द्यायचा होता आणि मावशीचा सवाल एकच, 'आता कॉम्प्युटरच चित्रं काढतो ना रे? मग हिला कोण विचारणार?'

मी माझा ठेवणीतला फंडा काढला. आर. के. लक्ष्मणना जेजेने प्रवेश नाकारला होता, तरी ते लक्ष्मण झालेच की! आणि वसंत सरवटे? 'ललित'ची ती झकास मुखपृष्ठं काढणारा माणूस सिमेंट कंपनीत इंजिनीअर होता.

'म्हणजे नोकरी केलीच ना त्यांनी!' मावशी म्हणाली.

बोला आता.

खरं तर तिचा प्रश्न बरोबर होता. फक्त विचारायला माणूस चुकीचा गाठला होता.

मी जेजे अप्लाइडचा, २००३ ते २००७. तिथे शिकण्याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे लोकेशन. शेजारी १८५७ पासूनचं स्कूल ऑफ आर्ट, जिथे रुडयार्ड किपलिंगचे वडील शिकवायचे. रस्त्यापलीकडे क्रॉफर्ड मार्केट. त्याच्या दारावरची शिल्पं या थोरल्या किपलिंगसाहेबांनीच डिझाइन केलेली. थोडं पुढे सीएसटी (आता सीएसएमटी). तिच्या नक्षीकामातही आर्ट स्कूलच्या मुलांचा हात आहे. आमच्या आधीच्यांनी दगड कोरले आणि आम्ही त्या दगडांखाली झोपलेले हमाल काढले!

आमचे एक सर आम्हाला सकाळी सकाळी मार्केटच्या भागात पिटाळायचे. मासळीवाल्या काढा म्हणायचे. मी पदर झकास काढायचो, घड्या, सावल्या, सगळं. सर बघायचे आणि विचारायचे, 'कासोटा कुठाय? नऊवारी कुठे खोचलीय ते आधी बघ. ते कळल्याशिवाय पदराला हात लावू नकोस.' मग काय, तीन सकाळी मी फक्त कासोटा काढत होतो. एका मावशींनी वहीत डोकावून दमच भरला, 'एवढी जाडी हाय का रं मी?' चौथ्या दिवशी मात्र पदर आपोआप बरोबर पडायला लागला.

वर्गातली गंमत वेगळीच. एकदा सरांनी एक कथा दिली. मुलगा घर सोडून जातो, त्याचं चित्र करायचं. मी दारात बॅग घेतलेला मुलगा काढला, मागे रडणारी आई. सर म्हणाले, 'हे तर लेखकाने लिहिलंच आहे. तू काय केलंस?' माझ्या बाजूला बसणाऱ्या मित्राने नुसतं जेवायचं टेबल काढलं होतं. दोन ताटं, त्यातलं एक पालथं. त्याआधी त्याने काडेपेटीएवढी बावीस थंबनेल्स करून फेकली होती, हे मला नंतर कळलं.

शेवटच्या वर्षी त्याने इलस्ट्रेशन घेतलं. मी कॉम्प्युटर ग्राफिक्स. कारण तेव्हा नोकऱ्या तिथे होत्या, आणि खरं सांगायचं तर मला बाविसाव्या थंबनेलचा कंटाळा होता.

आता मुद्द्याची गोष्ट. गेल्या वर्षी एका पुरणपोळीच्या कॅम्पेनसाठी मी याच मित्राकडून कोटेशन मागवलं. त्याने दहा दिवस मागितले. क्लायंटकडे दोन होते. ऑफिसातल्या एका पोराने लंच टाइममध्ये एआयवर चाळीस आज्या काढल्या. नथ, हसू, चुलीचा उजेड, सगळं चकाचक. त्यातली एक मी फायनल केली. मित्राला मेल टाकला, 'या वेळी जमत नाहीये रे.' फोन करायची हिंमत झाली नाही.

पोस्टर घरी दाखवलं. आईने चष्मा वर केला, चित्राकडे बघितलं आणि विचारलं, 'हिचा कासोटा कुठे गेला?'

आजी पाठमोरी वळून पोळी लाटत होती, आणि मागे नऊवारी एखाद्या घागऱ्यासारखी सरळ खाली! ऑफिसात कुणालाच दिसलं नाही. मलाही नाही, ज्याने तीन सकाळी फक्त तेच काढलं होतं.

गुरुवारी छोटी डेक्कन क्वीनने आली. तिला मार्केटजवळ नेलं आणि हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. पैशाचंही सांगितलं. लहान मुलांची पुस्तकं, स्टोरीबोर्ड, पॅकेजिंग, अ‍ॅनिमेशन अशी कामं आहेत, पण सुरुवातीला ती तुकड्यातुकड्याने येतात, आणि सोपी कामं आता खरंच मशीनकडे चाललीत. आणि लेखी करार केल्याशिवाय चित्र द्यायचं नाही, नाहीतर पैसे मोजून काढून घेणाराच त्याच्या हक्कांचा मालक होऊन बसू शकतो. हे कॉलेजात मला कुणी सांगितलं नव्हतं. कदाचित सांगितलं असेल, मी झोपलो असेन.

ती ऐकत होती, पण हात चालू होता. समोर एक माणूस टोपलीवर टोपली रचत होता. ती त्याचं तोंड काढत नव्हती, त्याचा टाचेवर पडलेला तोल काढत होती.

'दादा, मग तू त्या मित्राला फोन केलास?'

'नाही अजून.'

'वर्ष झालं!'

'हो.'

तिने पान उलटलं. संध्याकाळी पाच दहाच्या गाडीने परत गेली. शनिवारी मावशीचा मेसेज आला : 'तिने तेच भरलं. तू काहीच कामाचा नाहीस.' खाली गुलाब.

मग मी मित्राला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. सॉरी वगैरे म्हणायचं ठरवलं होतं, पण तोंडातून आधी आईचा कासोटाच बाहेर पडला. तो बराच वेळ हसत होता.

'मी पोस्टर पाहिलं होतं,' तो म्हणाला. 'वाटलं, तुला दिसलं असेल.'