घशाशी येण्याआधी

घशाचा कॅन्सर झाला असं कळलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ओढत होता का?" उत्तर 'हो' आलं की लोकांचं समाधान होतं. वाईट वाटतंच, पण आत कुठेतरी हिशेब जुळतो. 'नाही' आलं की मात्र पंचाईत होते. मग "चोरून ओढत असेल" इथपर्यंत मजल जाते. आणि हल्ली त्यात एक तिसरं उत्तर आलंय, "व्हायरसनं होतो म्हणे."

हे तिसरं उत्तर मी ऐकलं ते आमच्या हिरकणीवाडीत. रायगडाच्या पायथ्याशी, रोपवेच्या खालच्या स्टेशनाजवळचं आमचं गाव. 1996 साली रोपवे सुरू झाला, पर्यटक आले, घरगुती जेवणाच्या पाट्या लागल्या. पण जेवण झालं की पडवीत बसून विडी शिलगावायची पद्धत काही बदलली नाही. बायकांची सकाळची मशेरीही तशीच. तर चुलतभाऊ विडी पेटवता पेटवता म्हणाला, "दादा, मोबाइलवर वाचलं मी. अमेरिकेत घशाचा कॅन्सर व्हायरसनं होतो. मग आमच्या विडीला कशाला शिव्या?"

त्याने वाचलं ते खरं आहे, पण अर्धं. आणि हे अर्धं फार धोक्याचं आहे असं मला वाटतं, म्हणून हा प्रपंच.

मुळात 'घसा' हा शब्दच घोळ करतो. आपण जिभेच्या मुळापासून स्वरयंत्रापर्यंत सगळ्याला घसाच म्हणतो. डॉक्टरांच्या लेखी त्यात निरनिराळे भाग आहेत. टॉन्सिल आणि जिभेचं मूळ हा वरचा भाग. तिथल्या कॅन्सरमागे एचपीव्ही नावाचा विषाणू, त्यातही त्याचा 16 नंबरचा प्रकार, बऱ्याचदा सापडतो. त्याखाली स्वरयंत्र आणि अन्ननलिकेच्या तोंडाजवळचा भाग. तिथे मुख्य गुन्हेगार आजही धूरच, आणि सोबत दारू असेल तर विचारूच नका. दोन्ही एकत्र आले की धोका नुसता बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो.

हा विषाणू तोच, जो बायकांच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण असतो. ते शोधून काढल्याबद्दल हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाला 2008 साली नोबेल मिळालं. बहुतेकांच्या शरीरात तो येतो आणि वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातोही. थोड्या लोकांत ठाण मांडतो आणि पेशींच्या वाढीवरचे लगाम सैल करतो. मग कित्येक वर्षांनी गाठ दिसते.

अमेरिकेत टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या कॅन्सरपैकी साधारण 70 टक्के या विषाणूमुळे होतात. पण तिथे सिगारेट ओढणाऱ्यांचं प्रमाण गेल्या काही दशकांत खूप उतरलं, हे विसरून कसं चालेल? आपल्याकडे विषाणूचा वाटा त्यापेक्षा बराच कमी आहे आणि तंबाखूचा खूप मोठा. 2016-17 च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. त्यात धूर काढणारे अवघे 3.8 टक्के, आणि चघळणारे, मशेरी लावणारे 24.4 टक्के. म्हणून आपल्याकडे घशाच्या आधी तोंडच जातं. आर. आर. आबा 2015 साली गेले ते तोंडाच्याच कॅन्सरने, वयाच्या 57 व्या वर्षी. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे. पुड्या कुठे मिळतात ते मात्र प्रत्येक गावातल्या पोरांना ठाऊक असतं. असो.

आता भावाच्या प्रश्नाकडे. विषाणू कारण असेल तर विडी निर्दोष ठरते का? उलट आहे. धूम्रपान करणाऱ्यांच्या तोंडात हा विषाणू जास्त प्रमाणात आढळतो. 2010 साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. घशाच्या वरच्या भागाचा कॅन्सर असलेल्या रुग्णांत ज्यांच्या गाठीत विषाणू सापडला, त्यांच्यातले सुमारे 82 टक्के तीन वर्षांनी हयात होते. ज्यांच्यात नव्हता त्यांच्यातले 57 टक्के. म्हणजे विषाणूवाला कॅन्सर उपचारांना बरी दाद देतो. पण त्याच अभ्यासात असंही दिसलं की जितकं धूम्रपान जास्त, तितका मृत्यूचा धोका वाढत गेला. विषाणू होता त्यांच्यातही. म्हणजे विडी तिथेही आपला वाटा वसूल करतेच.

हे आकडे माझ्यासाठी नुसते आकडे नाहीत. आमच्या घरात दोन माणसं या वाटेने गेली. नावं लिहीत नाही, घरच्यांना कळतीलच. एक काका, विडीवाले. चार महिने आवाज बसला होता. काढा झाला, गुळण्या झाल्या, खोकल्याची औषधं झाली. भातलावणी उरकल्यावर मुंबईला गेले, तोवर स्वरयंत्र वाचवण्याची वेळ टळली होती. लवकर सापडला तर स्वरयंत्राचा कॅन्सर बऱ्याचदा आवाज राखूनही बरा होतो, हे कळलं तेव्हा काका पाटीवर लिहून बोलत होते.

दुसरे आत्तेबहिणीचे यजमान. सुपारीचंही व्यसन नाही. मानेत न दुखणारी गाठ आली. "तुम्हाला काय होणार" म्हणून सगळ्यांनी निर्धास्त केलं. तपासणीत विषाणूचं नाव निघालं आणि मग निराळाच छळ सुरू झाला. हा विषाणू शारीरिक संबंधांतून पसरतो, हे कुणीतरी वाचलं आणि कुजबुज सुरू झाली. त्या माणसाला सात आठवडे आठवड्यातून पाच दिवस किरणोपचार घ्यायचे होते, गिळताना डोळ्यांत पाणी येत होतं, आणि घरातले लोक त्याचं चारित्र्य तपासत बसले होते!

मला राग येतो तो याचा. एकाला "ओढली, भोगली" म्हणून मोडीत काढायचं आणि दुसऱ्याला "काहीतरी केलं असणार" म्हणून. हा विषाणू इतका सर्रास आहे की संसार करणाऱ्या बहुतेकांचा त्याच्याशी कधी ना कधी संबंध येतोच. आपल्याच उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, 1999 पासून टाटा हॉस्पिटलच्या सहभागाने खेड्यापाड्यांतल्या लाखभराहून जास्त बायकांवर अभ्यास झाला. ज्या गटात या विषाणूची एकदा चाचणी केली, तिथे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. शेतावर राबणाऱ्या बायका ही चाचणी करून घेऊ शकतात, तर शिकल्यासवरल्या घरांत या विषाणूचं नाव घ्यायला जीभ का अडखळावी?

घशासाठी मात्र अशी सरसकट चाचणी अजून नाही. तिथे लक्षणांवरच भिस्त. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला, मानेत गाठ, गिळताना अडकणं, एकाच कानात ठणका, थुंकीत रक्त. यातलं काही असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दुर्बिणीतून बघायला सांगायचं. ओढणारा असो वा नसो. लसही आहे. पुण्याच्या सीरमची लस 2023 पासून बाजारात आली, तिच्यात हा 16 नंबर आहे. लागण होण्याआधी, म्हणजे लहान वयात घेतली तर तिचा खरा उपयोग. मुलींसाठी तर घ्यावीच, मुलग्यांसाठीही डॉक्टरांना जरूर विचारावं.

भावाला मी एवढंच म्हटलं, "अरे, घरात चोर दोन शिरतात हे कळल्यावर आपण पहिल्याला दार उघडं ठेवतो का?" तो हसला. विडी काही विझवली नाही त्याने. पण काकांचा आवाज कसा होता ते त्याला आठवतं. गणपतीत आरतीला पहिला सूर त्यांचाच असायचा. या गणपतीला गावी जाल तेव्हा ज्याचा आवाज बसलेला वाटेल, त्याला कारण विचारू नका. किती दिवस झाले, ते विचारा.