नामांकित पेन, बेताची किंमत

बुऱ्हाणपूरच्या एका वाचकबंधूंचे पत्र आले आहे. ते यंत्रमागावर काम करतात. कन्येच्या दृढीकरणानिमित्त तिला नामांकित कंपनीचे शाईचे पेन देण्याचा शब्द त्यांनी दिला. आता सोन्याच्या निबेची किंमत ऐकून उसनवारीच्या विचारात पडले आहेत.

बंधो, उसने मुळीच काढू नका. निब सोन्याची असो वा पोलादी, तिच्या टोकास कठीण मिश्रधातूचा बारीक मणी जडविलेला असतो आणि कागदावर फिरतो तो तोच. सोने गंजत नाही, किंचित लवचीकही असते, हे खरे. परंतु तेवढ्यासाठी कर्ज कशाला? मोठ्या कारखान्यांनीच पोलादी निबेची साधी पेने काढली आहेत. जर्मनीच्या लॅमीने १९८० साली शाळकरी मुलांसाठी 'सफारी' काढले, जपानच्या पायलटने २०१३ साली 'काकुनो'. काकुनोच्या निबेवर हसरा चेहरा कोरलेला असतो. आम्हांस तो अंमळ पोरकट वाटतो. पण पेन सुलटे धरले की नाही, हे त्यावरून कळते.

आमचा कल काकुनोच्या 'फाइन' निबेकडे. जपानी 'फाइन' युरोपीय 'फाइन'हून बारीक उमटते. हलक्या कागदावर शाई कशी फुटते, हे नेपानगरच्या शेजाऱ्यांना आम्ही काय सांगावे! तेथील वृत्तपत्री कागदाचा कारखाना पंडित नेहरूंनी १९५६ साली राष्ट्रास अर्पण केला.

दौतीतून शाई भरण्याचा कन्व्हर्टर सोबत मिळतो की वेगळा घ्यावा लागतो, हे दुकानी विचारावे. चित्रकलेची जलाभेद्य काळी शाई मात्र मुलीस त्यात भरू देऊ नये; ती आत वाळली की पेन गेलेच.