एका तारेवर सारे दुकान नको

कापडाच्या दुकानाची मांडणी आपल्याला कोणी शिकवावी लागत नाही. पुढे गादी, तिथे गिऱ्हाईक. मागे गल्ला आणि खातेवही. वर पोटमाळ्यावर माल. गिऱ्हाईक कितीही जुने असो, त्याचा चहा गादीवरच येतो; गल्ल्यामागे त्याला कोणी बसवीत नाही. मात्र दुकानात संगणक, कॅमेरे आणि वायफाय आले, तेव्हा ही जुनी शिस्त आपण दाराबाहेर ठेवली. बिलाचा संगणक, कॅमेऱ्याची पेटी आणि गिऱ्हाइकाचा मोबाईल, सारे एकाच डबीला जोडून मोकळे झालो.

माझ्याच दुकानातली गोष्ट सांगतो. एक जुने व्यापारी मुलाला घेऊन खरेदीला आले होते. मुलाने वायफायचा पासवर्ड मागितला, आम्ही खुशीने दिला. थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, "चाचा, हे तुमचेच आहे का?" त्याच्या मोबाईलवर आमच्या हिशेबाच्या संगणकातला शेअर केलेला फोल्डर उघडला होता. कोणता ताका आम्हाला कितीला पडला आणि कोणाकडे किती उधारी थकली, सारे त्यात होते. मुलगा भला होता म्हणून त्याने दाखवले. न दाखवता बापाच्या कानात सांगितले असते, तर त्या दिवशी भाव कोणी ठरवला असता? आणि उधारीची ती नावे म्हणजे माझी मालमत्ता नव्हे. ती दुसऱ्यांची माझ्याकडे असलेली अमानत आहे.

चौकशी केली तेव्हा कळले की दोष त्या मुलाचा नाही आणि वायफायचाही नाही. दोष होता सारे एकाच जाळ्यात असण्याचा. ज्या डबीत सगळ्या तारा येतात तिला स्विच म्हणतात. साध्या स्विचमध्ये प्रत्येक यंत्र दुसऱ्या प्रत्येक यंत्रापर्यंत पोहोचू शकते. मॅनेज्ड किंवा स्मार्ट नावाने मिळणाऱ्या स्विचमध्ये मात्र एकाच डबीचे अनेक गाळे पाडता येतात. याला व्हर्च्युअल लॅन, थोडक्यात व्हीलॅन म्हणतात. डबी एकच, तारा त्याच, पण एका गाळ्यातली बातमी दुसऱ्यात जात नाही. याचे नियम १९९८ साली ८०२.१क्यू या नावाने ठरले, म्हणजे ही काही कालची नवलाई नाही.

लहान दुकानाला तीन गाळे पुरतात. दहा नंबर हिशेबाचा : बिलाचे संगणक आणि प्रिंटर. वीस नंबर कॅमेऱ्यांचा. तीस नंबर पाहुण्यांच्या वायफायचा. स्विचच्या ज्या भोकात बिलाचा संगणक आहे, ते फक्त दहा नंबरला द्यायचे. याला अनटॅग्ड म्हणतात. राउटरकडे जाणाऱ्या एकाच तारेवरून तिन्ही गाळ्यांचा माल जातो, म्हणून तिथे प्रत्येक गठ्ठ्यावर नंबराची चिठ्ठी लागते. ते भोक टॅग्ड. दुकानाचे आणि पाहुण्यांचे वायफाय एकाच यंत्रातून निघत असेल, तर त्याचेही भोक टॅग्ड ठेवावे लागते.

इथे कारागीर दोन ठिकाणी चुकतात. अनेक स्वस्त स्विचमध्ये भोक गाळ्यात घालणे आणि त्या भोकाचा पीव्हीआयडी बदलणे, ही दोन वेगळी कामे असतात. दुसरे विसरले तर त्या भोकातून येणारा माल जुन्याच एक नंबरच्या गाळ्यात पडत राहतो. आणि बदल सेव्ह केला नाही, तर पुष्कळ स्विच वीज जाताच पहिल्यासारखे होतात. आपल्याकडे वीज कधी जाईल हे कोणाला सांगता येते?

आणखी एक बाब. गाळे पाडले तरी राउटर त्यांच्यामधले दार उघडू शकतो. म्हणून राउटर व्हीलॅन समजणारा हवा, आणि त्यात पाहुण्यांना फक्त इंटरनेट, हिशेबाकडे वाट बंद, असा नियम लिहून घ्यावा लागतो. कॅमेऱ्यांनाही हिशेबाकडे जाऊ देऊ नये.

काही बांधव म्हणतील, आमच्या छोट्या दुकानावर कोण डोळा ठेवतो? २०१३ साली अमेरिकेतील टार्गेट या मोठ्या दुकानसाखळीत चोर शिरले, ते थंड यंत्रांची देखभाल करणाऱ्या एका कंत्राटदाराचा पासवर्ड चोरून. त्या बाजूच्या दारातून ते बिलाच्या यंत्रांपर्यंत पोहोचले आणि सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती गेली. मे २०१७ मधील वॉनाक्रायने तर लहानमोठे पाहिलेच नाही. एका संगणकातून दुसऱ्यात तो आपोआप सरकत गेला आणि फायली कुलूपबंद करून खंडणी मागत राहिला. अशा वेळी मधली भिंत कामी येते.

भिंत म्हणजे सर्व काही नव्हे, हेही सांगितले पाहिजे. हिशेबाच्या गाळ्यातच कोणी भलती फाईल उघडली, तर तो गाळा बुडेल. म्हणून हिशेबाची नक्कल वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून ठेवावी. शेअर केलेल्या फोल्डरला पासवर्ड असावा. स्विचचा आणि कॅमेऱ्यांचा कारखान्याहून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा.

असा स्विच साध्यापेक्षा महाग पडतो, पण एका संगणकाच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळ आहे. खरी अडचण पैशाची नाही. कॅमेरे लावणारा येतो, त्याला सोयीची तार ओढतो, आणि आपण पैसे देऊन मोकळे होतो. दुकान आपले, पण त्याची मांडणी तो ठरवतो. कपड्याचा पोत बोटांनी पारखणाऱ्या व्यापाऱ्याने इथेच डोळे का मिटावेत?

तेव्हा कारागिराला पैसे देण्याआधी तीन गोष्टी करून घ्या. कोणते भोक कोणत्या गाळ्याचे, हा कागद त्याच्याकडून लिहून घ्या. बदललेला पासवर्ड आपल्या तिजोरीत ठेवा. आणि आपला मोबाईल पाहुण्यांच्या वायफायला जोडून हिशेबाचा फोल्डर उघडतो का, ते त्याच्यासमोर पाहा. उघडला, तर काम झालेले नाही. गिऱ्हाइकाला चहा द्या, वायफायही द्या; पण गादीवर.