दगड जागेवरच राहू द्या!

आयर्लंडमधील न्यूग्रेंज येथे १६९९ साली मजूर रस्त्यासाठी दगड काढत होते. तेव्हा त्यांना एका टेकाडाचे दार सापडले. ते टेकाड म्हणजे सुमारे ५,२०० वर्षांपूर्वीची महापाषाणी कबर होती. तिच्या दारावर एक झरोका आहे. डिसेंबर १९६७ मध्ये, वर्षातील सर्वांत लहान दिवसाच्या सुमारास, प्रा. ओकेली पहाटे आत थांबले, तेव्हा उगवत्या सूर्याचा किरण त्या झरोक्यातून थेट आतल्या दालनात आलेला त्यांनी पाहिला. झरोक्याचे दगड कोणी नेले असते, तर हे कधीच कळले नसते.

अशा कबरी आपल्याकडेही आहेत. नागपूरजवळील जुनापाणी येथे मोठ्या दगडांची सुमारे ३०० वर्तुळे नोंदली गेली आहेत. रिव्हेट-कारनॅक यांनी त्यांतील काही उकरली. विदर्भातील ही वर्तुळे साधारणपणे अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वीची. त्यांत काळी-तांबडी मडकी आणि लोखंडी हत्यारे मिळतात. माहुरझरीला घोड्याची हाडे व त्याचे तांब्याचे अलंकार मिळाले. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. जुनापाणीच्या काही दगडांवर वाटीसारखे खळगे आहेत. त्यांचा दिशांशी संबंध असावा, असे काही अभ्यासक म्हणतात. हा तर्क खरा की खोटा, हे दगड मूळ जागी असतील तरच तपासता येईल.

‘शेत नांगरायचे तर दगड हलवावेच लागतात’, असे कोणी म्हणेल. शेतकऱ्याची ही अडचण खरी आहे. पण मडके संग्रहालयात जपता येते. दगडांची मांडणी मात्र एकदा मोडली की पुन्हा जुळत नाही. म्हणून हलवण्याआधी नोंद झालीच पाहिजे, आणि शक्य तेथे वर्तुळ तसेच राखले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे काम केवळ तज्ज्ञांचे नाही. तुम्ही नागपूरचे असा की जालना जिल्ह्यातील धावड्याचे, आपल्या शिवारातील जुने दगड एकदा नीट पाहा. गोल मांडणी दिसली तर उकरू नका. प्रत्येक वर्तुळ कबरच असेल असेही समजू नका. दगड मोजा, टेपने व्यास घ्या, होकायंत्राने उत्तर दिशा ठरवून नकाशा काढा आणि शिक्षकांमार्फत पुरातत्त्व खात्याला कळवा. तुमच्या वहीतील तो नकाशा हाच उद्या एखाद्या नाहीशा झालेल्या वर्तुळाचा एकमेव पुरावा ठरू शकेल.